जमिनीने गिळलेली खोली : मेटल डिटेक्टरमधल्या ग्राउंड बॅलन्सची पार्श्वभूमी

जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं ‘इंडक्शन बॅलन्स’ हे धातू शोधणारं यंत्र घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेले. चाचण्यांमध्ये नीट चाललेलं हे यंत्र रुग्णाजवळ गोंधळलं. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, हे नंतर कळलं. (डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली आणि गोळी डावीकडे होती, हेही अपयशाचं एक कारण.) जवळचा मोठा संकेत दूरचा क्षीण संकेत गिळतो. मोकळ्या रानात मेटल डिटेक्टरने नाणी शोधताना स्प्रिंगांचं हे काम माती करते, आणि मातीचा संकेत शमवण्याची यंत्रातली सोय म्हणजे ग्राउंड बॅलन्स.

मातीतल्या मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांमुळे यंत्राच्या कॉइलला (जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याला) जमिनीचाच प्रतिसाद मिळतो, आणि तो पुरलेल्या नाण्याच्या प्रतिसादापेक्षा कितीतरी पट मोठा असू शकतो. नाण्याचा संकेत तर खोलीबरोबर झपाट्याने विरतो: कॉइलपासून पुरेशा अंतरावर असलेली छोटी वस्तू दुप्पट खोल गेली, की संकेत साधारण चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून नुसती ताकद वाढवून फारसं साधत नाही. ताकदीबरोबर मातीचा गोंगाटही वाढतो.

खनिजांच्या या खोडीचा गेरहार्ड फिशर यांनी उलट उपयोग केला. विमानांच्या रेडिओ दिशाशोधनावर काम करताना धातू आणि खनिजं संकेत बिघडवतात, हे त्यांनी हेरलं. त्यातून घडलेल्या डिटेक्टरचं पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात सुरुंगशोधक आले, मग ट्रान्झिस्टरमुळे यंत्रं हलकी झाली. पण खनिजयुक्त जमिनीवर कॉइल जरा वरखाली झाली की आवाज बदलायचा, ही तक्रार कायम होती.

खरी उकल १९७० च्या दशकात झाली, आणि या यंत्राच्या इतिहासातला सर्वात मोठा टप्पा मी तोच मानतो. कमी वारंवारतेच्या (व्हीएलएफ) यंत्रांत संकेताच्या जोराबरोबर त्याचा फेजही (प्रसारित लहरीच्या तुलनेत तो किती पुढे-मागे येतो, हेही) तपासला जाऊ लागला. लोहखनिजांचा प्रतिसाद प्रसारित क्षेत्राच्या जवळजवळ सोबतच येतो. नाण्यात गोल फिरणाऱ्या विजेच्या भोवरा प्रवाहांमुळे त्याचा प्रतिसाद वेगळ्या फेजला येतो. जमिनीचा संकेत जिथे शून्य ठरतो, तिथे यंत्र बसवायचं, की जमीन गप्प होते आणि नाणं बोलत राहतं. जॉर्ज पेन यांच्यासारख्या अभियंत्यांनी हे तंत्र घडवलं.

ते हातात कसं जाणवतं? धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीलगत नेऊन काही इंच वर उचलायची, पुन्हा खाली आणायची. आवाज चढला किंवा पडला, तर सेटिंग हललेली आहे. चुकीच्या सेटिंगवर यंत्र सतत बडबडतं, मग आपण सेन्सिटिव्हिटी (संवेदनशीलता) उतरवतो आणि शोधाची खोली तिथेच हातची जाते. सेटिंग जमली की तीच सेन्सिटिव्हिटी चढवता येते. ग्राउंड बॅलन्स नवी खोली निर्माण करत नाही, मातीने खाल्लेली परत मिळवून देतो.

ओल्या खाऱ्या वाळूत मात्र अडचण होते: मिठाच्या पाण्याचा फेज लोहखनिजांहून निराळा, त्यामुळे एकाच सेटिंगने दोन्ही पूर्ण शमत नाहीत. पुढे आलेल्या, जमिनीनुसार सेटिंग आपोआप बदलत ठेवणाऱ्या स्वयंचलित ट्रॅकिंगमुळे बदलत्या जमिनीवर हात मोकळा झाला. पण खोलवरच्या अस्पष्ट संकेतावर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवली, तर ट्रॅकिंग त्यालाच जमीन समजून पुसू लागतं. असा संकेत कानावर आला की ट्रॅकिंग लॉक करून मगच तो तपासावा.