जीवदीप्ती, खोल समुद्रातील

सजीवाच्या शरीरात रासायनिक क्रियेतून निर्माण होणारा, उष्णता जवळजवळ नसलेला प्रकाश म्हणजे जीवदीप्ती. जमिनीवर काजवे आणि काही अळंबी सोडली तर ती अपवादानेच आढळते. खोल समुद्रात ती नित्याची आहे. कॅलिफोर्नियालगतच्या समुद्रातील १७ वर्षांच्या चित्रफिती तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाण्यात दिसलेल्या प्राण्यांपैकी सुमारे ७६ टक्के प्राणी दीप्तिमान असल्याचे आढळले. कोकणात काही रात्री लाटा निळसर चमकतात, तो मात्र पृष्ठभागावरच्या नॉक्टिल्यूका या एकपेशीय जीवाचा प्रकाश.

ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होताना प्रकाश बाहेर पडतो; ल्युसिफेरेज हे विकर ती क्रिया घडवते. प्रकाश बहुधा निळा असतो, कारण समुद्राच्या पाण्यात निळाच सर्वांत दूर पोचतो.

दिवा म्हणजे बघण्यासाठी, असे आपल्याला वाटते. इथे तो लपण्यासाठी अधिक कामी येतो. २०० ते १००० मीटर खोलीत वरून अगदी अंधुक उजेड झिरपतो आणि त्यावर माशाची काळी आकृती खालच्या शिकाऱ्याला स्पष्ट दिसते. हॅचेटफिश हा चपटा, चंदेरी मासा पोटाखालच्या दिव्यांच्या ओळी लावून ती आकृतीच पुसून टाकतो. वरचा उजेड मंदावला की दिवेही मंद होतात. कंदील माशांकडेही हीच युक्ती आहे. त्यांपैकी बेंथोसेमा टेरोटम ही बोटभर लांबीची जात अरबी समुद्रात प्रचंड संख्येने आहे. दिवसा खोल, रात्री पृष्ठभागाजवळ असा तिचा रोजचा प्रवास.

चित्रांत हमखास दिसणाऱ्या अँगलर माशाच्या कपाळावरचा दिवा फक्त मादीला असतो आणि बहुतेक जातींत तो पेटवतात आत राहणारे जीवाणू. त्याहून चलाख मॅलाकोस्टियस हा मासा. त्याच्या डोळ्याखालून लाल प्रकाश पडतो. खोल पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे भक्ष्याला आपल्यावर उजेड पडल्याचा पत्ताही लागत नाही. लाल पाहण्यासाठी हा मासा हरितद्रव्यापासून बनलेले रंगद्रव्य वापरतो. त्याच्या खालच्या जबड्याला तळच नाही, हे आणखी एक नवल.

अ‍ॅटोला जेलीफिशला कोणी पकडले की तिच्या कडेने निळा प्रकाश गरगर फिरतो. पकडणाऱ्यावर त्याहून मोठा शिकारी यावा, यासाठी ही आरडाओरड असावी. सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी या प्रकाशाची नक्कल करणारा दिवा बनवला. २०१२ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ महाकाय माकूळ त्याकडे आले आणि खोल समुद्रात त्याचे प्रथमच चित्रीकरण झाले.

गिळलेले भक्ष्य पोटात गेल्यावरही चमकू शकते. म्हणून खोल पाण्यातल्या अनेक माशांच्या जठराचे अस्तर काळेकुट्ट असते.