अरबी अवयवनामे : धातू आणि वजने

अरबी भाषेतील शरीरावयवांची नावे धातू व वजन यांच्या आधारे शिकण्याची पद्धत. अरबी धातू म्हणजे बहुधा तीन व्यंजनांचा गट. त्या व्यंजनांभोवती स्वर व जादा वर्ण बसवण्याचा साचा म्हणजे वजन. क़ल्ब (हृदय), बत्न (पोट), सद्र (छाती), वज्ह (चेहरा), ज़ह्र (पाठ) ही नावे एकाच वजनाची असून त्यांची अनेकवचनेही क़ुलूब, बुतून, सुदूर, वुजूह, ज़ुहूर अशी एकाच साच्यात येतात. म्हणून नाव व अनेकवचन जोडीनेच पाठ करावे.

धातूवरून अवयवाच्या नावाचा अर्थ मात्र क्वचितच उलगडतो. ही नावे बहुतांशी जामिद, म्हणजे दुसऱ्या शब्दापासून न साधलेली, मानली जातात. क़ल्बचा संबंध क़्-ल्-ब् या धातूच्या ‘उलटणे’ या अर्थाशी जोडून ‘सतत पालटते ते हृदय’ अशी व्युत्पत्ती जुन्या ग्रंथांत वारंवार येते. कोशकार इब्न फ़ारिस (मृत्यू सु. १००४) मात्र या धातूचे दोन स्वतंत्र मूळ अर्थ मानतो : वस्तूचा शुद्ध गाभा आणि उलटवणे. हृदय तो पहिल्याखाली ठेवतो. हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सर्व नामे धातूंपासूनच निघतात का, हा प्रश्न यास्काच्या निरुक्त या संस्कृत व्युत्पत्तिग्रंथातही शाकटायन व गार्ग्य यांच्या मतभेदाच्या रूपाने आलेला आहे.

दोनच व्यंजनांच्या नावांबाबत मतभेद अधिक खोल आहे. यद (हात), दम (रक्त), फ़म (तोंड), शफ़ा (ओठ) यांत तिसरे व्यंजन लुप्त झाले, असे अरबी वैयाकरण मानतात व इतर रूपांवरून ते शोधतात. फ़मचे अनेकवचन अफ़्वाह, म्हणून धातू फ़्-व्-ह्. शफ़ाचे अनेकवचन शिफ़ाह व शाफ़ह (समोरासमोर बोलणे) हे क्रियापद ‘ह्’कडे बोट दाखवतात, ‘तोंडी’ या अर्थी शफ़वी व शफ़ही ही दोन्ही रूपे आजही चालतात. पण हिब्रूतील याद व दाम, अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियन भाषेतील इदु व दामु यांच्याशी तुलना केल्यावर ही नामे मुळातच द्विव्यंजनी असावीत, असे सेमिटिक (अरबी, हिब्रू, अक्कादी इ.) भाषांची तुलना करणारे अभ्यासक म्हणतात. जर्मन अभ्यासक नोल्डेके यांनी १९१० मध्ये अशा नामांचा स्वतंत्र विचार केला. तिसरे व्यंजन साच्याच्या सोयीसाठी मागाहून आले, हा पक्ष आता बळकट दिसतो.

पद्धतीचे खरे बळ अवयवनामांपासून पुढे साधलेल्या शब्दांत आहे. रअ्‌स (डोके) वरून रअस, म्हणजे डोक्यावर मारणे. कबिद (यकृत) वरून कबद, म्हणजे यकृतावर आघात करणे. रोगांचे खास वजन फ़ुआल : सुआल (खोकला), ज़ुकाम (पडसे), तसेच कुबाद (यकृताचा विकार). पोटाच्या विकाराने ग्रस्त तो मब्तून. शारीरिक व्यंगे अफ़्अल वजनात बसतात : अअ्‌रज (लंगडा), अह्दब (कुबडा), स्त्रीलिंगी अर्जा, हद्बा. अह्मर (तांबडा), हम्रा (तांबडी) हे रंगवाचक शब्दही याच साच्याचे.

लिंगाबाबतचा प्रचलित नियम असा, की जोडीचे अवयव (यद, ऐन म्हणजे डोळा, उज़ुन म्हणजे कान, रिज्ल म्हणजे पाय) स्त्रीलिंगी व एकेरी पुल्लिंगी. तो ढोबळ आहे : ख़द्द (गाल) व हाजिब (भुवई) जोडीचे असूनही पुल्लिंगी, तर एकटे कबिद सामान्यतः स्त्रीलिंगी.

अवयवनामांचे विषयवार संकलन फार जुने आहे. अरबी भाषापंडित अस्मई (मृत्यू सु. ८२८) याचा मानवी देहावरील शब्दग्रंथ प्रसिद्ध आहे. अंदलुसमधील (मुस्लिम स्पेन) इब्न सीदा (मृत्यू १०६६) याच्या विषयवार कोशाचा आरंभही मानवी देहानेच होतो.

मराठीतील ऐन, सदर व जाहीर हे शब्द अनुक्रमे डोळा, छाती व पाठ यांच्याच धातूंचे होत.

बोलींमध्ये चित्र बदलते. प्रमाण अरबीतील अन्फ़ (नाक) ऐवजी आखाती प्रदेशात ख़श्म, तर इजिप्तमध्ये मनाख़ीर म्हणतात. यांपैकी दुसरा मुळात नाकपुड्यांचा अनेकवचनी शब्द आहे.