हार्ट फेल्युअरमधील श्वसन आणि हृदयगतीची परिवर्तनशीलता

लागोपाठच्या दोन ठोक्यांमधले अंतर दर वेळी थोडेथोडे बदलते. या बदलाचे माप म्हणजे हृदयगतीची परिवर्तनशीलता, म्हणजेच एचआरव्ही. श्वास आत घेताना व्हेगस या मज्जातंतूचा (मेंदूपासून हृदयापर्यंत येणाऱ्या) हृदयावरचा लगाम सैल होऊन नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये हे नोंदवले.

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे बोलीभाषेत ‘पंपिंग कमी झाल्यावर’, अनुकंपी चेतासंस्था (नाडी वाढवणारी, शरीराला सावध ठेवणारी यंत्रणा) सतत ताणलेली राहते, व्हेगसचा प्रभाव ओसरतो आणि ठोके जवळजवळ एकसारख्या अंतराने पडू लागतात. ब्रिटनमधील यूके-हार्ट अभ्यासात (१९९८) चोवीस तासांच्या नोंदीत एसडीएनएन, म्हणजे ठोक्यांमधली अंतरे सरासरीपासून किती विखुरलेली आहेत हे सांगणारे एचआरव्हीचे माप, ५० मिलिसेकंदांखाली असलेल्यांचा वार्षिक मृत्युदर सुमारे ५१ टक्के होता, तर १०० च्या वर असलेल्यांचा साडेपाच टक्के. बीटा-ब्लॉकर (अनुकंपी ताण कमी करणारी औषधे) सर्रास दिले जाऊ लागण्यापूर्वीचे हे आकडे आहेत. आजच्या रुग्णाने ते स्वतःला जसेच्या तसे लावून घाबरू नये.

मात्र या मापात श्वासाचाही मोठा वाटा असतो, आणि तो विसरला की निष्कर्ष चुकतो. नाडीतले चढउतार किती वेगाने होतात यानुसार (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवर्तने) त्यांचे पट्टे पाडतात. त्यांतला ०.१५ ते ०.४० हर्ट्झचा पट्टा व्हेगसचा निदर्शक मानतात. तो मिनिटाला ९ ते २४ श्वासांशी जुळतो. होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारे, अंगावर लावायचे यंत्र) लावलेला ठाण्यातला रुग्ण त्या दिवशी स्टेशनचा पूल चढतो, मध्येच कठडा धरून दम खातो, तलावपाळीला निवांत बसतो, रात्री दोन-तीन उशा घेऊन झोपतो. दम लागून श्वास २४ च्या वर गेला, की त्याचा ठसा पट्ट्याबाहेर पडतो. झोपेत काहींचा श्वास वाढत जातो, मग उतरत थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हे चेन-स्टोक्स श्वसन. त्याचे एक आवर्तन साधारण मिनिटभराचे असते आणि नाडीही त्याच चालीने हेलकावते. अशा नोंदीत परिवर्तनशीलता बरी दिसली, तरी ते सुधारणेचे लक्षण नसते.

इटलीतील लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने दाखवले, की मिनिटाला सहा श्वासांच्या संथ लयीत अशा रुग्णांमध्ये रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते. ही लय ०.१ हर्ट्झची, म्हणजे व्हेगसच्या पट्ट्याखालची. त्यामुळे आलेखात ‘व्हेगस’ घटलेला भासतो, प्रत्यक्षात तसे नसते. घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर यांसारख्या संस्थांमुळे ठाण्यात प्राणायाम घरोघरी पोचला आहे. पण या प्रयोगांतला श्वास सावकाश, जोर न लावता घेतलेला होता. कपालभाती किंवा दीर्घ कुंभकाला ते निष्कर्ष लागू होत नाहीत. हे प्रकार हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज करू नयेत, आणि प्राणायाम सुरू केला म्हणून गोळ्या कमी करू नयेत.

एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अगदी अनियमित पडण्याचा विकार) असल्यास किंवा ठोके पेसमेकरच्या लयीवर पडत असल्यास हे माप नेहमीच्या अर्थाने वाचता येत नाही. अशांनी स्मार्टवॉचवरच्या एचआरव्हीच्या आकड्यावर विसंबू नये.