जालन्याच्या भट्ट्यांना उद्या कोणता व्यवस्थापक लागेल?

मराठवाड्यात लोहखनिज नाही आणि दगडी कोळशाची खाणही नाही. तरीही जालना सळईसाठी ओळखले जाते, कारण येथील इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेले लोखंड) वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया निघतात. देशाची पोलाद उत्पादनक्षमता 2030-31 पर्यंत 30 कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट 2017 च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात आहे. तेव्हा या उद्योगात व्यवस्थापकांची मागणी वाढेल, हे सांगायला तज्ज्ञ नको; त्यांना नेमके काय यावे लागेल, हे मात्र भट्टीतच पाहावे लागते.

भट्टीभोवतीच्या तांब्याच्या पोकळ कॉइलमधून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला की आतल्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि धातू स्वतःच्याच विद्युतरोधामुळे तापून वितळतो. एक टन पोलाद सुमारे 1600 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास तत्त्वतः 380 ते 400 युनिट वीज पुरते. प्रत्यक्षात साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट सहज लागतात. मधली वीज कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्यात, लायनिंगमधून (भट्टीच्या आतल्या अस्तरातून) आणि उघड्या तोंडातून निघून जाते. क्रेन वेळेवर आली नाही म्हणून वितळलेला धातू तसाच धरून ठेवावा लागला, तर तेवढा वेळ वीज जळतच राहते. म्हणजे शिफ्टच्या नियोजनातला ढिसाळपणा थेट वीजबिलात उतरतो.

दुसरा प्रश्न चार्जचा, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सिलिकाचे लायनिंग असलेल्या भट्टीत फॉस्फरस आणि गंधक फारसे काढता येत नाहीत, आणि भंगारातून आलेले तांबे तर वितळलेल्या लोखंडातून व्यवहारात निघतच नाही. आयएस 1786 या भारतीय मानकानुसार एफई 500 डी या प्रतीच्या सळईत फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी 0.040 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे गुणवत्ता बहुतांशी भंगाराच्या आवारातच ठरते. चार्जमध्ये स्पंज आयर्न वाढवल्यास तांब्यासारख्या अशुद्धी विरळ होतात. पण भारतातील बरेचसे स्पंज आयर्न कोळशावर तयार होते, आणि तेथे तिसरा हिशेब सुरू होतो.

पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची वर्गवारी जाहीर केली. तिच्यात एक टन तयार पोलादामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित ठरते, आणि 1.6 टनांच्या खाली पाच तारे मिळतात. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो उत्सर्जन धरले, तर टनामागे 600 युनिट वापरणाऱ्या भट्टीच्या विजेचा वाटा 420 किलोच होतो. भंगारावर चालणाऱ्या भट्टीला पाच तारे अवघड नाहीत. कोळशावरचे स्पंज आयर्न वाढत गेले की ते निसटू लागतात. किंमत, रसायन आणि कार्बन यांचा मेळ घालणारा हा निर्णय खरेदी विभागावर सोपवून मोकळे होणे यापुढे परवडणार नाही.

विजेच्या वेळेचेही गणित बदलते आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सौर तासांतील (दिवसा सौर वीज मिळते त्या तासांतील) दर सामान्य दरापेक्षा किमान 20 टक्क्यांनी कमी ठेवण्यास सांगितले आहे, तर महाराष्ट्रातील कारखाने पूर्वी रात्रीच्या सवलतीचा विचार करून पाळ्या लावत असत. मात्र स्वस्त तास संपले म्हणून भट्टी बंद केली, की थंड होणाऱ्या लायनिंगला तडे जातात. अशा तड्यातून वितळलेला धातू पाण्याच्या कॉइलपर्यंत पोहोचला, तर स्फोटाचा धोका असतो. पावसात भिजलेले भंगार किंवा बंद तोंडाचा सिलिंडर भट्टीत गेला तरी तीच भीती. येथील भट्ट्यांवर परप्रांतातून आलेले कामगारही मोठ्या संख्येने असतात. त्यांना त्यांच्या भाषेत धोका समजावून सांगणे आणि संशयास्पद माल परत पाठवताना उत्पादनाचे आकडे बाजूला ठेवणे, हे व्यवस्थापकाचे तांत्रिक कौशल्यच मानले पाहिजे.

मोठा ऊर्जावापर करणाऱ्या अधिसूचित कारखान्यांना ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो, आणि त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा होते. छत्रपती संभाजीनगर व जालन्यातील अभियांत्रिकी पदवीधरांना ही वाट जवळची आहे. केवळ एमबीए करून आलेल्याला वीजबिल वाचता येईल, पण स्पेक्ट्रोमीटरचा (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल पाहून पुढच्या हीटचा, म्हणजे पुढच्या वितळणीचा, चार्ज बदलता येणार नाही; उलट, वर्षानुवर्षे भट्टीवर काढलेल्या मेल्टरला, म्हणजे भट्टी चालवणाऱ्या कारागिराला, ज्वाळेच्या रंगावरून बरेच कळते, पण कार्बनचा हिशेब त्याला कोणी शिकवलेला नसतो. कारखान्यांनी आपल्याच अनुभवी मेल्टरना हे शिक्षण दिले, तर बाहेरून माणूस आणण्यापेक्षा ते लवकर फळाला येईल, असे मला वाटते.