तोडता तोडता जोडणारं विकर

फडात ऊस तोडला की त्यातली साखर घटायला लागते. वाहतूक रखडली, गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागली किंवा फड पेटून उसाची साल तडकली, तर मातीतला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू कापलेल्या टोकांतून आणि भेगांतून आत शिरतो. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाची कांडकी आखूड आणि उघडी टोकं जास्त, म्हणून तो आणखी लवकर गाळावा लागतो. इडलीचं पीठ फुगवण्यात हाच जिवाणू हातभार लावतो. कारखान्यात मात्र तो रस बुळबुळीत करून टाकतो.

हा बुळबुळीतपणा डेक्स्ट्रानचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांच्या चिकट पदार्थाचा. त्यामुळे रस घट्ट होतो, गाळण्या तुंबतात, साखरेचे दाणे हळू बनतात आणि लांबट येतात. शिवाय पोलॅरिमीटर फसतो. हे यंत्र प्रकाशाच्या कंपनाचं प्रतल किती वळतं त्यावरून साखर मोजतं आणि डेक्स्ट्रान ते साखरेच्या जवळपास तिप्पट वळवतं. मग प्रयोगशाळेत साखर भरपूर दिसते, पोत्यात तेवढी उतरत नाही.

डेक्स्ट्रान तयार करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, डेक्स्ट्रानसुक्रेज. मला ते विलक्षण वाटतं. साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना बांधलेले असतात आणि त्या बंधात भरपूर ऊर्जा असते. हे विकर तो बंध तोडतं, फ्रुक्टोज सोडून देतं, पण ग्लुकोज स्वतःला चिकटवून ठेवतं आणि लगेच वाढत्या साखळीला जोडतं. तोडताना मोकळी झालेली ऊर्जाच जोडायला पुरते. एरवी सजीवांना साखरेच्या साखळ्या बांधायला पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्चावं लागतं. इथे ती गरजच नाही, म्हणून हे काम पेशीच्या बाहेरही चालतं. १९४१ मध्ये एडवर्ड हेअर यांनी पेशी काढून टाकलेल्या अर्कात नुसती साखर घालून डेक्स्ट्रान बनवून दाखवलं.

स्वीडनमध्ये याच चिकट्याचं औषध झालं. बीटच्या रसात होणारा हा पदार्थ उप्साला विद्यापीठात अभ्यासायला आला आणि ग्रोनवॉल व इंगेलमन या संशोधकांनी १९४० च्या दशकात तो रक्तद्रवाला पर्याय म्हणून वापरता येईल हे ओळखलं. जिवाणूने बनवलेल्या साखळ्या अवाढव्य असतात, म्हणून आम्लाने तोडून त्या लहान करतात. मग त्या रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवतात आणि रक्तस्रावाने कोसळणारा रक्तदाब सावरतात. पुढे १९५९ मध्ये याच साखळ्या एकमेकींत गुंफून सेफाडेक्स आलं. त्याच्या मण्यांतून गाळून प्रथिनं आकारानुसार वेगळी करता येतात.

सगळं अवलंबून असतं ते ग्लुकोज कुठल्या जागी जोडलं यावर. त्यातल्या कार्बन अणूंना क्रमांक असतात. एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या सहाव्याला जोडला तर साखळी लवचीक आणि पाण्यात विरघळणारी होते. उद्योगात वापरलं जाणारं डेक्स्ट्रान सुमारे ९५ टक्के असंच असतं. पहिला कार्बन तिसऱ्याला जोडला तर मात्र साखळ्या ताठ होतात, एकमेकींना बिलगतात आणि पाण्यात विरघळत नाहीत.

दातांवरचा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू अशा विरघळत नसलेल्या साखळ्या बनवतो. त्याची विकरं डेक्स्ट्रानसुक्रेजच्याच कुळातली. त्या चिकट थरात जिवाणू घट्ट बसतात आणि त्यांनी केलेलं आम्ल दातालगतच साठून राहतं. नुसती चूळ भरून हा थर निघत नाही, तो ब्रशने घासूनच काढावा लागतो. भाताच्या शितांपासूनही तोंडात आम्ल होतं, पण हा डिंक होत नाही, कारण या विकरांना कच्चा माल म्हणून साखरच लागते.