पाऊस पडला आणि पाऊस लागला

मे महिन्याची संध्याकाळ. मुलुंडला धो-धो कोसळतंय, दादरला नुसतं आभाळ भरून आलंय आणि कुलाब्यात लोक घाम पुसत बसलेत. तेवढ्यात मुलुंडहून निरोप येतो, ‘मान्सून आला!’ आलेला नसतो. तो असतो वळीव. आपल्या भाषेत हा फरक क्रियापदातच आहे. वळीव पडतो, पावसाळा लागतो.

आधी एक शब्द बाजूला ठेवू. हल्ली जूनच्या आधीच्या प्रत्येक सरीला ‘अवकाळी’ म्हणायची पद्धत पडली आहे. जानेवारी-फेब्रुवारीतला पाऊस अवकाळी म्हणा, हरकत नाही. मार्च ते मे मात्र वळवाचा काळच आहे, त्याला अवकाळी म्हणणं म्हणजे वेळेवर आलेल्या पाहुण्याला ‘अचानक कसे आलात?’ विचारण्यासारखं.

मुंबई शहराच्या वाट्याला वळीव तसा कमीच येतो. मे महिन्याची सरासरी १० ते २० मिलिमीटरच्या घरात, तर जूनची ५०० च्या वर. वळवाचं माहेर सह्याद्रीच्या कुशीत आहे: मुरबाड, कर्जत, माळशेजचा पट्टा. दुपारी घाट आणि त्यामागचं पठार तापतं, समुद्रावरून येणारी दमट हवा तिकडे ओढली जाते आणि डोंगराला अडून वर चढते. दोन-तीनच्या सुमाराला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग पूर्वेला दिसायला लागतात. ते वाढत १२ ते १५ किलोमीटर उंच जातात, माथा ऐरणीसारखा चपटा पसरतो. वरच्या थरातलं वारं पूर्वेकडून असेल तर हे ढग बदलापूर, कल्याण, ठाणे करत शहराकडे सरकतात. नसेल तर घाटावरच मोकळे होतात आणि मुंबईला फक्त लांबच्या विजा दिसतात.

शहराच्या वेशीवर येऊन ढग विरतो, याचंही कारण समुद्रच. दुपारभर खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यालगतची हवा त्यामानाने गार करून ठेवलेली असते. ढगाला खालून गरम हवेचा पुरवठा लागतो, तो इथे तुटतो. त्यात सूर्य मावळला की उरलासुरला जोरही जातो. म्हणून तोच ढग ठाण्याला अर्धा तास झोडपतो आणि माहीमला चार थेंब टाकून गप्प होतो. एका ढगाचं आयुष्य अर्धा ते एक तास आणि रुंदी पाच-दहा किलोमीटर. एखाददुसरं उपनगर भिजतं, शेजारचं कोरडं राहतं.

वळवात पावसाआधी वारा येतो, आणि धोका त्या वाऱ्याचा जास्त. ढगातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत थोडं वाफ होतं, ती हवा एकदम गार आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीलगत चारी बाजूंना सुटते. जमीन कोरडी, म्हणून पुढे धूळ. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईवर हेच आलं. घाटकोपरला छेडानगरजवळचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जण गेले. ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगीची मर्यादा ४० बाय ४०. पाऊस त्या दिवशी फार नव्हता.

ओळखायचं असं: दिवसभर पश्चिमेकडून येणारा वारा अचानक पडतो, काही मिनिटं पान हलत नाही, मग पूर्वेकडून गार झोत येतो आणि मातीचा वास येतो. एवढं झालं की हातात जेमतेम पाच-दहा मिनिटं. दोरीवरचे कपडे नंतर, आधी गच्चीवरचे सुटे पत्रे, प्लायवूडचे तुकडे आणि कठड्यावरच्या कुंड्या. रस्त्यात असाल तर होर्डिंग, बांधकामाची परांची आणि जुनी झाडं टाळून पक्क्या इमारतीत शिरा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. आकडा ३० सेकंदांच्या आत आला तर मैदान आणि गच्ची सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका, कारण विरत्या ढगातूनही वीज पडते.

मान्सूनचा ढग दिसायलाच वेगळा. एकेकटा गड्डा नसतो, सगळं आभाळ एकसारखं राखाडी, खाली आलेलं, कडा नसलेलं. पाच किलोमीटरच्या वर हवा गोठणबिंदूच्या खाली जाते. विजेसाठी तिथे हिमकण आणि गारकणांची घासाघीस लागते. पावसाळा रुळल्यावर मुंबईवरच्या पुष्कळ ढगांचा पाऊस त्या उंचीच्या खालीच तयार होऊन पडतो, म्हणून जुलैत रात्रभर कोसळूनही गडगडाट ऐकू येत नाही. पण ‘गडगडलं म्हणजे वळीव’ हा नियम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फसतो. मान्सून दाखल होताना मुंबईत बऱ्याचदा ढोल वाजवतच येतो.

‘तुकड्या-तुकड्यात पडला म्हणजे वळीव’ हेही खरं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. तो भर पावसाळ्यातला पाऊस होता.

मग भरवशाची खूण कोणती? रात्रीचा वारा. उन्हाळ्यात मुंबईला वाऱ्याच्या दोन पाळ्या असतात: दुपारी समुद्राकडून खारा वारा, रात्री उशिरा ते पहाटे जमिनीकडून मतलई. मान्सून आला की दुसरी पाळी बंद होते. नैऋत्य-पश्चिमेचा वारा चोवीस तास सुरू राहतो, पहाटे चारलासुद्धा पश्चिमेच्या खिडकीचा पडदा आत फुगतो. वळवाने हे कधीच होत नाही. तो तासभर वारा फिरवतो आणि पुन्हा जुनी पाळी सुरू. वेळही बघा: वळीव दुपारी तीन ते रात्री नऊच्या दरम्यानचा, मान्सूनच्या मोठ्या सरी मुंबईत पुष्कळदा मध्यरात्रीनंतर आणि पहाटे.

दुसरी खूण तापमानाची. वळवात पारा अर्ध्या तासात सात-आठ अंशांनी उतरू शकतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ३४. उलट ओल्या जमिनीतून वाफ उठते, दमटपणा चढतो, घाम वाळत नाही, आणि ‘पाऊस पडून उकाडा वाढला’ ही तक्रार अगदी खरी ठरते. मान्सूनमध्ये कमाल तापमान ३० ते ३१ वर येतं आणि तिथेच बसतं.

पावसाळ्यातही मधे खंड पडतो, आणि गोंधळ सगळ्यात जास्त तेव्हाच होतो. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजी पोहोचला, १९५० नंतरचं सगळ्यात लवकरचं आगमन (नेहमीची तारीख ११ जून). आणि लगेच पुढची वाटचाल पंधरवड्याहून जास्त थांबली. अशा काळात ऊन तापतं, दुपारनंतर एखाद्या उपनगरात गडगडाटी सर येते. वळवासारखीच, पण पावसाळा सुरू झालेला असतो. उलट टोक २०२३ चं, तेव्हा २५ जून उजाडला.

हवामान खात्याचा अंदाज वाचताना ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांकडे बघा. त्यांचा अर्थ असा की त्या भागातल्या फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस. तुमच्या गल्लीत पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. वळवाचं नेमकं ठिकाण सकाळी कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी दुपारनंतर रडारचं चित्र आणि पुढच्या तीन तासांपुरता दिला जाणारा तातडीचा इशारा बघायचा.

आपल्या सोसायटीत किती पडला हे मोजणं सोपं आहे. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा घ्या. गच्चीच्या मधोमध ठेवा. कठड्यापासून आणि टाकीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, नाहीतर वाऱ्याचा आडोसा होऊन पाणी कमी भरतं. फरशीवरचे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून विटांवर चढवा आणि उडू नये म्हणून बाजूंनी विटा लावा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा, डबा रिकामा करा. खात्याचा दिवसही साडेआठलाच संपतो. उशीर केलात तर उन्हात पाणी उडून जातं आणि आकडा कमी येतो. २.५ च्या खाली असेल तर तो ‘पावसाचा दिवस’ धरत नाहीत, ६४.५ पासून पुढे मुसळधार.

एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटरचा वळीव झाला तर दोन हजार लिटर. पण पहिल्या सरीचं पाणी टाकीत घेऊ नका, त्यात सहा-सात महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण असते.

या पावसाने पाणीकपात टळेल का, तर नाही. मुंबईच्या सात तलावांची मिळून क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्यात शहराच्या हद्दीतले विहार आणि तुळशी मिळून जेमतेम अडीच टक्के. बाकी पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या खोऱ्यांत पडावं लागतं, आणि तिथली तहानलेली जमीन पहिले कित्येक दिवस सगळं स्वतःच पिते.

तुंबणंही दोन्हींत वेगळं. वळवात पाणी साचतं ते जाळ्यांवर अडकलेल्या पाल्यापाचोळ्याने आणि प्लॅस्टिकने. जाळी मोकळी केली की ओसरतं. मान्सूनमध्ये साडेचार मीटरच्या वर भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाण्याला समुद्रात जायला वाटच नसते. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या सखल भागांतून जाणाऱ्यांनी पावसाळ्यात भरतीची वेळ बघूनच निघावं. वळवाच्या दिवशी ते वेळापत्रक उघडायची गरज नाही, त्या दिवशी वर बघत चालावं.