जवानाचा दमसास आणि कमरेचा घेर

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे आणि खानापूर, निपाणीपासून पलीकडच्या चंदगडपर्यंत सीमाभागातल्या गावांत लष्करभरती हा घरोघरचा विषय आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटरच्या धावेतला एकेक सेकंद मोजतात. त्याच गावांत, पलटणीत उमेदीची वर्षे काढून परतलेल्या काही माजी सैनिकांना चाळिशी-पंचेचाळिशीतच रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सुरू होतात. इतकी वर्षे कमावलेले शरीर असे का बदलते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

दमसास म्हणजे शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याची क्षमता, आणि ती वजनाच्या प्रत्येक किलोमागे मोजतात. ७० किलोच्या जवानाने मिनिटाला साडेतीन लिटर प्राणवायू वापरला, तर हा आकडा किलोमागे ५० मिलिलिटर येतो. त्याच्या अंगावर १० किलो चरबी चढली, तर हृदय आणि फुप्फुसे पूर्वीइतकीच सक्षम असूनही तो ४४च्या आसपास घसरतो. पाठीवरचा पिट्टू मुक्कामाला उतरवता येतो, ही चरबी मात्र झोपेतही अंगावरच असते.

तरीही केवळ वजनकाट्यावर विश्वास ठेवू नये. १७० सेंटिमीटर उंचीच्या, ७६ किलोच्या पीळदार जवानाचा बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २६ भरतो; भारतीयांसाठी सुचवलेल्या २५ या मर्यादेनुसार तो लठ्ठ ठरतो. तेवढ्याच उंचीचा, ६६ किलोचा, पण पोट सुटलेला माणूस मात्र २३च्या आत राहून ‘निरोगी’ गणला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणूनच आपल्याकडे टेपने घेर मोजणे अधिक बोलके ठरते. पुरुषाची कमर ९० सेंटिमीटरपर्यंत पोहोचली की सावध व्हावे.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी सर्वांत उपद्रवी असते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात जातात, यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होते आणि रक्तातली साखर व ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढू लागतात. जेवणानंतरची बरीचशी साखर उचलण्याचे काम स्नायू करतात. एरवी त्यासाठी त्यांना इन्शुलिन लागते. परंतु स्नायू आकुंचन पावताना साखरेची वाहक प्रथिने इन्शुलिनशिवायही पेशीच्या पृष्ठभागावर येतात, त्यामुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावलेल्या माणसालाही चालण्याचा आणि जोर-बैठकांचा फायदा होतो. पलटणीतले पीटी परेड आणि रूट मार्च हे काम रोज, न चुकता करून घेत असतात.

नोकरी संपली की नेमका हाच क्रम तुटतो. भूक आणि ताटातला भात तसाच राहतो, पहाटेची शिटी मात्र वाजत नाही. दमसास काही आठवड्यांतच उतरू लागतो, आणि स्नायू घटून त्यांची जागा चरबी घेत असेल तर वजनात फारसा फरक न पडल्याने घरच्यांच्याही ते ध्यानात येत नाही. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांपैकी बहुतेक जण पंचविशीच्या आगेमागेच या वळणावर येतील, म्हणून हा विषय आता केवळ पेन्शनीत गेलेल्यांचा राहिलेला नाही.

तपासणीही अवघड नाही. कमरेचा वाढलेला घेर, १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब, उपाशीपोटी १०० किंवा त्याहून अधिक साखर, १५० किंवा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड आणि पुरुषांमध्ये ४०पेक्षा कमी एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) यांपैकी कोणत्याही तीन गोष्टी आढळल्या, तर त्या अवस्थेला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्यासाठीच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकची सोय आहे. तिथे औषधे घ्यायला जाणाऱ्याने हे पाचही आकडे विचारून वहीत लिहून ठेवावेत, आणि सकाळच्या फेरफटक्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस तालमीतल्या व्यायामाची जोड द्यावी, कारण वयाबरोबर झिजणारा स्नायू केवळ चालण्याने टिकत नाही.